परमिट रूममधलं 'परमिट' नेमकं कुणाचं? गुत्ता, परवाना आणि सभासदत्वाचा इतिहास

विष्णुपुरीहून लातूरच्या रस्त्याला लागलं की लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं मागे पडत जातात आणि दर थोड्या अंतरावर एक पाटी दिसते : 'परमिट रूम व बिअर बार'. ही पाटी आपण लहानपणापासून वाचतो. पण त्यातलं 'परमिट' कुणाचं, हा प्रश्न सहसा पडत नाही. बहुतेकांना वाटतं, हॉटेलवाल्याला दारू विकायचं जे परमिट मिळालं तेच हे असणार. तसं नाही. हॉटेलवाल्याकडे असतं ते लायसन्स, म्हणजे अनुज्ञप्ती. परमिट असतं पिणाऱ्याचं. ज्याच्या खिशात दारू पिण्याचा सरकारी परवाना आहे त्यानेच बसून प्यायची खोली, ती परमिट रूम. निदान कागदावर तरी.

आज हा विषय घ्यायचं कारण वेगळंच आहे. अमेरिकेत आणि युरोपात गेल्या पंधरा-वीस वर्षांत छोट्या बिअर कारखान्यांनी एक पद्धत रुजवली. वर्षाची फी भरा, सभासद व्हा, आणि मोजक्याच बाटल्या निघणारी खास बिअर इतरांच्या आधी विकत घ्या. फी भरूनही बिअर फुकट नाही, तिचे पैसे वेगळेच. म्हणजे फी आहे ती रांगेत पुढे उभं राहण्याची. हे वाचल्यावर मला परमिट रूमची पाटी आठवली. कारण मर्यादित दारूपर्यंत पोचण्यासाठी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि कार्ड घ्यायचं, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. फक्त आपल्याकडे तो क्लब सरकारनेच चालवला.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. कुठलंही 'मर्यादित' सभासदत्व समोर आलं की तीन प्रश्न विचारायचे : टंचाई कुठून आली, प्रवेशाचे पैसे कोण कुणाला देतो, आणि दाराबाहेर कोण राहिलं? या तीन प्रश्नांनी आपल्या भागातल्या दारूचा दीडशे वर्षांचा इतिहास बराच उलगडतो. आणि ज्यांना पुढे संशोधन करायचं आहे त्यांना हे प्रश्न दारूपलीकडेही कामाला येतात.

गुत्ता : विकणारा पैसे भरतो

मराठवाड्यात रस्ता किंवा इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराला आपण अजूनही 'गुत्तेदार' म्हणतो. पुण्याकडच्या माणसाला हा शब्द जरा विचित्र वाटतो, कारण त्याला 'गुत्ता' म्हटलं की दारूचंच दुकान आठवतं. शब्द एकच आहे. गुत्ता म्हणजे ठेका, मक्ता. सरकार एखाद्या भागात दारू विकण्याचा हक्क लिलावात काढायचं, जो जास्त बोली लावेल त्याला तो गुत्ता मिळायचा. पुढे ठेक्याचं नाव दुकानाला चिकटलं.

म्हणजे पहिल्या टप्प्यात प्रवेशाचे पैसे पिणारा भरत नव्हता, विकणारा भरत होता. पिणाऱ्यावर कागदाची कसलीच अट नव्हती. टंचाई मात्र होती, आणि ती मुद्दाम केलेली होती. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने घरोघर, गावोगाव दारू गाळण्यावर बंधनं आली आणि गाळप सरकारी नियंत्रणातल्या मोठ्या भट्ट्यांकडे वळलं. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा आला. झाडाखाली पडलेलं फूल वेचून घरी साठवणं हेच गुन्ह्याच्या कक्षेत आलं. मोहाची फुलं कमी झाली नव्हती. ती वेचायचा हक्क कमी झाला होता.

आता आपल्या भागाकडे येऊ, कारण इथे एक मोठी गफलत होते. नांदेड, लातूर, परभणी, बीड हा सगळा प्रदेश तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हताच. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथे अबकारीचा कायदा वेगळा होता. हैदराबाद अबकारी कायदा १३१६ फसलीचा आहे. फसली सालात ढोबळमानाने ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे साधारण १९०६-०७. (मराठवाड्याच्या जुन्या कागदपत्रांवर काम करायचं असेल तर ही बेरीज पाठच करून ठेवा.) अबकारी ही संस्थानाच्या उत्पन्नाच्या सर्वांत मोठ्या बाबींपैकी एक होती. शिंदी, ताडी, मोहाची दारू, सगळ्यावर सरकारचा हात होता. किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात गोंड, कोलाम, आंध समाजांच्या सणावारांत आणि देवकार्यात मोहाच्या दारूला जागा होती. जी गोष्ट अंगणातल्या झाडापासून व्हायची, ती गुत्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची वेळ आली.

डेव्हिड हार्डिमन यांचं 'द कमिंग ऑफ द देवी' हे १९८७ चं पुस्तक या संदर्भात जरूर वाचा. दक्षिण गुजरातमधल्या आदिवासींनी १९२२ च्या सुमारास देवीच्या आदेशाने दारू सोडली, आणि ती सोडणं हे दारू विकणाऱ्या सावकारांविरुद्धचं बंड कसं होतं, ते त्यात मांडलं आहे. दारू सोडणं म्हणजे फक्त नीतीचा प्रश्न, असं समजून आपण विषय निवडतो. तो पैशाचा आणि हक्काचाही प्रश्न असतो.

परमिट : पिणारा सरकारकडे पैसे भरतो

दुसऱ्या टप्प्याची सुरुवात मुंबईत झाली. १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होती. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. गिल्डर स्वतः पारशी होते आणि शहरातल्या दारूच्या धंद्यात पारशी समाजाची मोठी गुंतवणूक होती, त्यामुळे विरोधही तिथूनच जोरात झाला. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग रेंगाळला.

स्वातंत्र्यानंतर तो पुन्हा, आणि मोठ्या प्रमाणावर, हाती घेण्यात आला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. संविधानाच्या ४७ व्या कलमात दारूबंदी हे राज्याचं मार्गदर्शक तत्त्व म्हणून आलं होतंच.

पण या कायद्याचा मजकूर नीट वाचला तर एक गंमत दिसते. दारू बंद करणारी कलमं जितकी आहेत, तितकीच तपशीलवार कलमं दारू कुणाला मिळेल यावर आहेत. परदेशी पाहुणे, राजदूत, पर्यटक, लष्कराच्या मेस, जहाजं, धार्मिक विधीसाठी लागणारी वाइन, क्लबांना द्यायची लायसन्सं आणि आजारी माणसं. यातल्या शेवटच्या गटासाठी आरोग्य परमिट. सुरुवातीची अट कडक होती : दारू न मिळाल्यास तब्येतीवर गंभीर परिणाम होईल असं सिद्ध व्हायला हवं. म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र आलं, अर्ज आला, महिन्याचा कोटा आला.

हे परमिट तेव्हा कुणाला मिळत असेल, याचा अंदाज करणं अवघड नाही. डॉक्टरांकडे जाऊन प्रमाणपत्र आणणारा, अर्ज भरणारा, ऑफिसला खेपा घालणारा माणूस शिकलेला आणि खाऊनपिऊन सुखी असणार. शिवाय परमिट होतं विदेशी दारूचं. गिरणी कामगाराला परवडेल अशा दारूला हे दार नव्हतंच. त्याच्यासाठी उरली हातभट्टी. मुंबईतल्या वस्त्यांमधले 'आंटीचे अड्डे' याच काळात वाढले.

या कायद्याला एफ. एन. बलसारा या मुंबईकराने कोर्टात आव्हान दिलं. सुप्रीम कोर्टाचा निकाल २५ मे १९५१ चा आहे आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवतात. कोर्टाने कायद्याचा गाभा वैध ठरवला. पण ज्या औषधांत आणि प्रसाधनांत अल्कोहोल असतं, त्यांच्या वापरावर बंदी घालता येणार नाही असं सांगितलं. दारूची भलामण करण्यावर बंदी घालणारी तरतूद भाषणस्वातंत्र्याच्या कारणाने रद्द झाली. लष्कराला दिलेली सवलत मात्र भेदभाव नाही, ते वाजवी वर्गीकरण आहे, असं कोर्टाने मानलं. आपल्या दृष्टीने या निकालात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे : सगळ्यांना बंद असलेली गोष्ट काहींना खुली ठेवायची, तर ते 'काही' निवडायचे कशावरून?

आता पुन्हा मराठवाडा. पुष्कळ प्रबंधांत आणि लेखांत 'महाराष्ट्रात १९४९ पासून दारूबंदी कायदा आहे' असं वाक्य असतं. पुण्या-मुंबईपुरतं ते ठीक. पण नांदेडमध्ये १९४९ साली हा कायदा कसा असेल? १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं तरी मराठवाडा हैदराबाद राज्यातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आणि दारूबंदी कायदा राज्याच्या उरलेल्या भागांना लागू करणारा विस्ताराचा कायदा आहे १९५९ चा. म्हणजे ज्या काळात मुंबईतला माणूस परमिटसाठी डॉक्टरांच्या दारात उभा होता, त्या काळात आपल्याकडे संस्थानी अबकारीची जुनीच चौकट चालू होती. एका वाक्याने दहा वर्षांचा इतिहास पुसला जातो, आणि तोही आपलाच. तुमचा विषय शेती असो, शिक्षण असो की आरोग्य, 'महाराष्ट्रात अमुक सालापासून' असं लिहिण्याआधी तो कायदा मराठवाड्याला कधी लागू झाला ते तपासाच.

१९६० च्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, धोरण सैल होत गेलं. परमिट मिळणं सोपं झालं. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि देशी दारूची दुकानं कायदेशीर चौकटीत आली. पण कायदा रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात दारूची विक्री, कर, परवाने हे सगळं 'दारूबंदी' कायद्याखालीच चालतं. परमिटही आहे. एका दिवसाचं विदेशी दारूचं ५ रुपयांना, देशीचं २ रुपयांना, वर्षाचं १०० ला आणि आजीव १००० ला. महिन्याला १२ युनिटची मर्यादा आहे. युनिट म्हणजे एक बाटली व्हिस्की किंवा ब्रँडी. वाइनच्या काही बाटल्या मिळून एक युनिट होतं, बिअरच्या त्याहून जास्त बाटल्या मिळून. आणि आरोग्य परमिटच्या कायदेशीर भाषेत कारण अजूनही तेच राहिलं आहे : आरोग्य टिकवणं.

म्हणजे गरजेवर आधारलेला परवाना हळूहळू फीवर आधारलेला झाला आणि शेवटी निव्वळ औपचारिक उरला. हॉटेलात बसलेल्या माणसाला परमिट विचारलं जात नाही. पण मेलेला वाटणारा नियम कधी उठून बसेल सांगता येत नाही. मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, राज्याने दारू घरपोच द्यायला परवानगी दिली तेव्हा अट होती परमिटधारक असण्याची. ज्यांनी आयुष्यात परमिट पाहिलं नव्हतं ते ऑनलाइन अर्ज करू लागले. टंचाई परतली तशी सभासदत्वाला किंमत परतली.

एकच कायदा, दोन राज्यं

१ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि १९४९ चा हा कायदा दोन्हीकडे गेला. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला असा प्रसंग म्हणजे आयता मिळालेला प्रयोग वाटतो : सुरुवात एकच, पुढे परिस्थिती वेगळी. महाराष्ट्राने दार उघडत नेलं, गुजरातने बंद ठेवलं. तिथे आरोग्य परमिट अजून खऱ्या अर्थाने लागतं. डॉक्टरांची तपासणी होते, आणि कोटा वयावर ठरतो. ४० ते ५० वयाला महिन्याला ३ युनिट, ५० ते ६५ ला ४ आणि त्यापुढे ५. अलीकडे, डिसेंबर २०२३ मध्ये, गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तिथले कर्मचारी आणि अधिकृत पाहुणे यांच्यासाठी सवलत दिली गेली. आता तब्येतीऐवजी नोकरीचं ठिकाण हा निकष झाला.

मात्र हा काटेकोर प्रयोग नाही, हेही लक्षात ठेवा. दोन राज्यांत १९६० नंतर दारूशिवाय शेकडो गोष्टी वेगळ्या झाल्या. तुलना करता येते, पण फरकाचं सगळं श्रेय एका कारणाला देता येत नाही.

सभासदत्व : पिणारा बनवणाऱ्याकडे पैसे भरतो

तिसरा टप्पा आपल्याकडे २००९ मध्ये पुण्यात दिसतो. 'डुलाली' ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये सुरू झाली. पहिली जागा क्लबचीच मिळाली, हे मला बोलकं वाटतं. मायक्रोब्रुअरी म्हणजे बिअरची छोटी भट्टी : तिथेच बनवायची आणि तिथेच ग्लासात ओतायची. पुढे पुण्या-मुंबईत अशा बऱ्याच जागा झाल्या. डुलालीने 'मग क्लब'ही काढला. ही कल्पना मूळची अमेरिकन बिअरगृहांची. वर्षाची फी भरायची, नेहमीच्या गिऱ्हाईकाच्या नावाने किंवा नंबराने एक मग राखून ठेवला जातो, आणि सवलती मिळतात.

अमेरिकेत याची पुढची पायरी गाठली गेली. कॅलिफोर्नियातल्या प्लासेन्शिया गावी २००८ मध्ये सुरू झालेल्या 'द ब्रुअरी' या कारखान्याने सभासदत्वाच्या चढत्या पायऱ्या केल्या : प्रिझर्व्हेशन सोसायटी, रिझर्व्ह सोसायटी आणि सगळ्यात वर होर्डर्स सोसायटी. होर्डर म्हणजे साठेबाज! आपल्याकडे रेशनच्या काळात जी शिवी होती ती तिथे मानाची पदवी झाली. गुजरातच्या ३-४-५ युनिटांच्या पायऱ्या आणि या पायऱ्या शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी वय वाढलं की वरची पायरी, दुसऱ्या ठिकाणी पैसे वाढले की.

याच्या अगदी उलट उदाहरण बेल्जियमचं. वेस्टफ्लेटेरन इथल्या सिंट-सिक्स्टस मठातले साधू बिअर बनवतात, पण मठाचा खर्च भागेल इतकीच. २००५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय यादीत त्यांची बिअर जगात पहिली ठरली आणि मठाबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या. साधूंनी उत्पादन वाढवलं नाही, किंमत भरमसाट केली नाही आणि सभासदत्वही विकलं नाही. फोन करून नंबर लावायचा, गाडीचा क्रमांक सांगायचा, ठरलेल्या वेळी येऊन मोजकेच क्रेट न्यायचे. २०१९ पासून हीच नोंदणी ऑनलाइन झाली. म्हणजे टंचाई असली की फी घ्यावीच लागते असं नाही. रांग हाही एक मार्ग आहे. फीच्या पद्धतीत पैसा असलेला पुढे जातो, रांगेच्या पद्धतीत वेळ असलेला.

टंचाई किती खरी?

इथे माझं विज्ञान थोडं उपयोगी पडतं. कारखान्यातली बाटलीबंद बिअर सहसा पाश्चराइज केलेली असते, म्हणून ती महिनोन्महिने टिकते. मायक्रोब्रुअरीची बिअर बहुधा गाळलेली किंवा पाश्चराइज केलेली नसते. तिच्यात यीस्ट जिवंत असतं, ती थंड ठेवावी लागते आणि काही आठवड्यांत संपवावी लागते. ही मर्यादा जीवशास्त्राची आहे. कुणी लादलेली नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. काही बिअर व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिंपात वर्षभर मुरवतात. बर्बन व्हिस्कीचं एक पिंप साधारण २०० लिटरचं. ६५० मिलीच्या बाटल्या भरल्या तर जेमतेम तीनशे भरतील, त्यातही मुरताना थोडी घट. पिंप वर्षभर अडकून पडतं, जागा अडकते, पैसा अडकतो. अशा बिअरसाठी आगाऊ फी घेण्यामागे हिशेब आहे : सभासद वर्षभर आधी भांडवल पुरवतो.

तिसरी मर्यादा मात्र फक्त मनातली असते. तीच बिअर, तीच टाकी, पण पाचशेच बाटल्यांवर नंबर टाकायचे आणि 'पुन्हा मिळणार नाही' म्हणायचं. इथे सभासद बिअरबरोबर, इतरांना ती मिळाली नाही, याचंही मोल देत असतो.

आणि चौथी एक टंचाई आहे, जी ग्लासात दिसत नाही. बिअरमध्ये बहुतांश पाणीच असतं. एप्रिल २०१६ आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या बिअर आणि मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० टक्के आणि पुढे ६० टक्के कपात करायला सांगितलं. बाटलीवर 'मर्यादित' असा शिक्का नव्हता. मर्यादित होतं ते पाणी, आणि त्याचं सभासदत्व कुणाकडे आहे हा प्रश्न कोर्टात जाऊन सोडवावा लागला.

दाराबाहेरचे लोक

तिन्ही टप्प्यांत दार वेगळं आहे, पण दाराबाहेरची माणसं बरीचशी तीच. गुत्त्याच्या काळात मोहाची फुलं वेचणारा बाहेर गेला. परमिटच्या काळात हातभट्टीकडे वळलेला कामगार बाहेर राहिला. आज कायद्याने दारू सहज मिळते, पण किमतीची भिंत आहेच. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. इथेनॉल आणि मिथेनॉल यांच्या सूत्रात एका कार्बनचा फरक, हे आपण अकरावीत शिकतो. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि आधी दृष्टी जाते, मग जीव. ज्या शहरात कुणी नंबर घातलेल्या मगातून बिअर पितो, त्याच शहरात हेही घडलं. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणत नाही. पण दारूच्या इतिहासावर लिहिताना फक्त दाराच्या आतल्यांचे कागद वाचले तर अर्धाच इतिहास हाती लागतो.

आणखी एक गट आहे जो पिणाराही नाही आणि विकणाराही नाही : घरातल्या बायका. 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान तुम्ही ऐकलं असेल. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर गावातलं दुकान बंद होतं. ही फी भरून आत जाण्याची पद्धत नाही, मत देऊन दारच बंद करण्याची आहे. गुत्ता, परमिट आणि मग क्लब या तिन्हींमध्ये व्यवहार दोघांतला होता. इथे तिसरा पक्ष बोलतो.

मग यातून संशोधनासाठी काय घ्यायचं?

आरआरसीसमोर सिनॉप्सिस मांडताना बऱ्याचदा पहिला प्रश्न येतो, 'यात समस्या काय आहे?' 'दारूबंदीचा अभ्यास' हा विषय झाला, समस्या नाही. 'गरजेवर दिलेलं परमिट फीवर कसं आलं?' ही समस्या आहे. विषयाला काळ, जागा आणि बदल जोडला की प्रश्न तयार होतो.

दुसरं, कायद्याचं नाव आणि कायद्याचं काम यांत अंतर असतं. 'दारूबंदी' हे नाव असलेल्या कायद्याखाली दारूचा महसूल गोळा होतो. म्हणून कायद्याबरोबर त्याखालचे नियम, फीचे तक्ते, राजपत्रातल्या अधिसूचना आणि कोर्टाचे निकाल वाचावे लागतात. नुसत्या कायद्यावर विसंबणं म्हणजे प्रयोग न करता मॅन्युअलवरून निष्कर्ष लिहिणं.

तिसरं, शब्द हाही पुरावा आहे. 'गुत्तेदार' आणि 'परमिट रूम' हे दोन शब्द मराठवाड्यात एकाच रस्त्यावर ऐकू येतात. पहिला संस्थानी काळातून आला, दुसरा मुंबई राज्यातून. आपला प्रदेश दोन राजवटींच्या कायद्यांतून गेला आहे, हे कुठल्याही दप्तरात जाण्याआधी भाषाच सांगते.

शेवटी एक गृहपाठ. हे तीन प्रश्न तुमच्या रोजच्या कामातल्या एका सभासदत्वाला लावून पाहा : संशोधनपत्रिकांच्या वर्गणीला. पीडीएफ कितीही जणांनी उतरवली तरी संपत नाही, तिला आंबण्याची भीती नाही, पिंप लागत नाही. मग टंचाई कुठून आली? पैसे कोण कुणाला देतो? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० पत्रिका, सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे आता आपली फी सरकार भरतंय. तरी तिसरा प्रश्न उरतोच. खासगी कॉलेजात शिकणारा, पीएचडी संपवून नोकरी शोधणारा, प्रवेशाआधी स्वतःच वाचत बसलेला, म्हणजे कदाचित तुम्हीच : या यादीत कुठे आहात? त्याचं उत्तर एका पानात लिहून काढा. संशोधनाचा पहिला सराव तिथेच होईल.